कालचं उत्तर

रविवार, अकरा जानेवारी. सकाळचे दहा. जागा: रामभाऊंचं चहाचं दुकान, बस स्टँडसमोर, पांढुर्णा.

हजर: मुन्नाभाऊ ढोके, संत्र्याचे व्यापारी आणि आमच्या फलक समितीचे अध्यक्ष. वानखेडे काका, रेल्वेतून निवृत्त. प्रेरणा मॅडम, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. रामभाऊ, कारण दुकान त्यांचं. आणि मी, सुनंदा. माझं शेजारी स्टेशनरीचं दुकान आहे, रजिस्टर आणि पेन माझ्याकडेच मिळतात, म्हणून मी सचिव.

गैरहजर: कळंबे सर.

विषय एकच होता. रस्त्यापलीकडच्या काळ्या फळ्यावर आठवडाभर एकच प्रश्न उभा होता आणि त्याचं उत्तर आलं नव्हतं. प्रश्न असा: घोडा उभ्याने झोपतो. मग त्याला कधी आडवं व्हावं लागतं का?

"पैजा लागून बसल्या जी," रामभाऊ कपबशा विसळत म्हणाले. "अर्धे म्हनतात लागते, अर्धे म्हनतात नाही. हरलं कोन तेच ठरून नाही राहिलं. रोज सकाळी येतात, फळा पाहतात, अन् मले इचारतात. मी का घोडा आहो?"

मुन्नाभाऊंनी स्वतः संत्र्यांची एक पेटी लावली होती, वानखेडे काकांशी. मुन्नाभाऊंचं म्हणणं, निरोगी घोडा कधी आडवा होत नाही, आडवा झाला की समजायचं गेला. काकांचं म्हणणं, रेल्वेच्या नोकरीत त्यांनी मालगाडीतून घोडे जाताना पाहिलेत, आणि ते आडवे झालेले पाहिलेत.

"अहो, मोबाईलवर एका मिनिटात मिळेल," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. त्यांची बदली होऊन त्यांना इथे वर्षही झालेलं नाही.

"मोबाईलचं धरत नाहीत, मॅडम," काका म्हणाले. "फळ्याचंच धरतात."

"मग कोणीतरी लिहा ना फळ्यावर."

 रामभाऊंनी विसळलेला कप पुन्हा विसळला. मुन्नाभाऊंना फोन आल्यासारखं वाटलं, आला नव्हता. शेवटी ठराव झाला की सचिवांनी सौंसरला जावं आणि सरांना घेऊन यावं. सर येत नसतील तर निदान उत्तर आणावं. मी तो लिहून घेतला.

सर सौंसरला का गेले, हे या चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, बहिणीला भेटायला. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

नीळकंठ कळंबे सर आम्हाला मराठी शिकवायचे. मूळचे लोधीखेड्याचे. उंच, जरासे वाकलेले, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशाच्या तळाशी खडूचा न धुतला जाणारा पांढुरका डाग. खडू हातात आला की आधी ते त्याचे दोन तुकडे करायचे. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो, अर्धा गप्प लिहितो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे, करून पाहा. डस्टर त्यांनी कधी वापरला नाही. ओल्या फडक्याने फळा पुसायचे आणि तो वाळेपर्यंत वर्गाकडे पाठ करून उभे राहायचे. त्या दोन मिनिटांत आम्ही वाटेल तो दंगा करायचा, त्यांची हरकत नसायची. फळा वाळला की ते वळायचे आणि दंगा संपायचा.

वर्गात कोणीही कसलीही बातमी सांगितली, नदीला पूर आला म्हणा, हेडमास्तरांची बदली झाली म्हणा, की त्यांचा प्रश्न ठरलेला: "पाहिलं का ऐकलं?" ऐकलं म्हटलं की म्हणायचे, "मग ‘म्हणे’ लाव." आमच्या वर्गातली अर्धी मुलं अजूनही बोलताना ‘म्हणे’ लावतात. माझी सासू गेली तेव्हा माझ्या वर्गातल्या एकाचा फोन आला. "सासूबाई गेल्या म्हणे?" मी म्हटलं, "मी पाहिलं." तो म्हणाला, "मग पक्कं."

शाळेत रोज प्रार्थनेच्या आधी ते व्हरांड्यातल्या फळ्यावर तीन ओळी लिहायचे. पहिली ओळ एका शब्दाची, तो कुठून आला ते. दुसरी मागच्या काळातली, तीही शक्यतो आपल्या भागातली. तिसरी जगातली कुठलीही. चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि कुलूप अरबीतून, हे मी तिथे वाचलं. त्याखाली त्यांनी कंसात लिहिलं होतं, दोघं दोन देशांतून आले आणि आपल्या दारावर भेटले. नागपूर शहर वसवणारा राजा देवगडचा, म्हणजे आपल्याच छिंदवाड्याच्या डोंगरातला, हेही तिथलंच. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हेही. एखादी गोष्ट पक्की नसली तर ती ओळ रिकामी सोडायचे, पण भरायची म्हणून भरायचे नाहीत. आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात: काल चुकलो. त्या दिवशी सगळ्या शाळेला आनंद व्हायचा.

पुढे शाळेत मराठीचे तास कमी झाले, मग सरच निवृत्त झाले. बाईसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याच्या पुढच्या वर्षी गेल्या. मुलगा इंदूरला असतो, रविवारी फोन करतो. सरांना सकाळी लवकर उठायची सवय होती आणि उठून करायला काही नव्हतं. बस स्टँडसमोर, रामभाऊंच्या दुकानाच्या पलीकडे, एका बंद गोदामाची भिंत आहे. सरांनी मालकाला विचारून तिच्या एका तुकड्याला काळा रंग दिला आणि तीन ओळी लिहायला लागले. खडू माझ्या दुकानातून.

सुरुवातीला कोणी वाचत नव्हतं. बसची वाट पाहणारी माणसं फळ्याकडे पाठ करून उभी राहायची, एखादी बकरी खालची ओळ चाटून जायची. सर लिहायचे, रस्ता ओलांडून रामभाऊंच्या बाकावर बसायचे, इथून वाचता येतं का पाहायचे, चहा प्यायचे, घरी जायचे. कंटाळा आला तर नाही लिहायचे. एकदा सलग पाच-सहा दिवस नाही लिहिलं, सौंसरला बहिणीकडे होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही. "ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस," असं नंतर ते मला म्हणाले. मला तेव्हा ते विनोदाने म्हणतायत असं वाटलं होतं.

मग त्यांनी प्रश्न विचारला.

का विचारला, तर वानखेडे काकांमुळे. काका रोज सकाळी फळ्यासमोर उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "हे त मले माहीतच होतं." एक दिवस, दोन दिवस, रोजच. सर मला म्हणाले, "थांब, याला जरा अडवतो." आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या ओळीच्या जागी त्यांनी लिहिलं: मध्य प्रदेश हे नाव आलं तेव्हा राजधानी कोणती होती? उत्तर उद्या.

दिवसभर स्टँडवर तोच विषय. तरुण पोरं म्हणाली भोपाळ, ह्यात काय विचारायचं. दोन म्हातारे म्हणाले जबलपूर. काका म्हणाले नागपूर. त्यांची टर उडवली गेली. नागपूर तिकडे महाराष्ट्रात, आपण इकडे मध्य प्रदेशात, राजधानी तिकडे कशी असेल? रामभाऊंच्या दुकानात पैज लागली, हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधीच फळ्यासमोर पंचवीस-तीस माणसं. सरांनी ओल्या फडक्याने फळा पुसला, तो वाळेपर्यंत पाठ करून उभे राहिले, आणि मग लिहिलं: कालचं उत्तर, नागपूर. काकांना लोकांनी उचलून घेतलं. आणि कोणीतरी मागून म्हणालं, "आजचा काय, सर?"

सर थांबले. त्यांच्या मनात दुसरा प्रश्न नव्हता. पण तीस माणसं उभी होती. त्यांनी लिहिला.

इथे सगळं संपलं, असं ते म्हणायचे. "विधानं लिहीत होतो तोवर मी मोकळा होतो, सुनंदा. विधानाला उद्या नसतो. प्रश्नाला असतो. उद्या उत्तर द्यायला यायचं, आणि आलो की लोक पुढच्या प्रश्नासाठी उभे. म्हणजे परवा पुन्हा."

हा फळ्याचा नियम कोणी ठरवला नाही, आपोआप बसला. सकाळी सातच्या आत सरांनी लिहायचं, कारण सातनंतर शाळेची पोरं आणि नागपूरकडे अपडाऊन करणारी माणसं निघतात. उत्तर वर, प्रश्न खाली. पैज चहाची. मोबाईलमधलं उत्तर धरायचं नाही; जो मोबाईल काढेल तो बाद. उत्तर खरं असून चालत नाही, ते सरांच्या अक्षरात, त्या भिंतीवर यावं लागतं. तोवर कोणी जिंकलेला नसतो.

गावाला याचा फायदा झाला, नाही असं नाही. पटवारीच्या परीक्षेला बसणारी पोरं वही घेऊन यायला लागली. मंडीतले हमाल घरी जाऊन बायकांना प्रश्न विचारायला लागले. रामभाऊंनी बाकं वाढवली. माझ्या दुकानात ‘सामान्य ज्ञान’ची पुस्तकं खपायला लागली, ते मी कबूल करते. फक्त सरांना सुट्टी राहिली नाही.

सुट्टी कशाला हवी होती, तर कमलताईंसाठी. त्या सरांच्या मोठ्या बहीण. आई लवकर गेली, सरांना त्यांनीच वाढवलं. चुलीसमोरच्या राखेत बोट धरून त्यांनीच सरांना पहिलं अक्षर काढायला शिकवलं, हे सर वर्गात सांगायचे. त्यांचं लग्न सौंसरला झालं. आता त्या एकट्या असतात. पांढुर्ण्याहून सौंसर बसने तासा-सव्वा तासाचा रस्ता. पण सौंसरहून सकाळची पहिली बस इथे पोचते आठनंतर. म्हणजे रात्री बहिणीकडे राहिलं की सकाळ गेली. म्हणून सर नेहमी जेवून संध्याकाळच्या बसने परत. कमलताई म्हणायच्या, "तू पाहुणा येतं का वसुलीचा मानूस?"

एकदा त्यांनी सुटायचा प्रयत्न केला. त्या सकाळी फळ्यावर फक्त उत्तर लिहिलं, खाली प्रश्न लिहिलाच नाही. खालची जागा पुसून काळी ठेवली आणि दुसऱ्या बसने सौंसरला गेले. त्यांचा हिशोब असा की लोकांना कोणत्याच उत्तराची उत्सुकता राहिली नाही, म्हणजे कोणी वाट पाहणार नाही. हिशोब बरोबर होता. चुकला एवढ्यासाठी की लोकांनी फळ्याची वाट पाहणं सोडून सरांची काळजी सुरू केली. नऊ वाजेपर्यंत ‘सरांना झटका आला म्हणे’ असं स्टँडभर झालं. कोणी त्यांच्या घरी नारळपाणी घेऊन गेलं, कुलूप पाहून अजून घाबरलं. मुन्नाभाऊंनी डॉक्टर नेला. दुपारी कुणीतरी खालच्या काळ्या जागेत हिंदीत लिहून टाकलं: सर कब आएँगे?

संध्याकाळच्या बसमधून सर उतरले ते त्या प्रश्नासमोरच. बराच वेळ वाचत उभे राहिले. मग माझ्याकडून खडू घेतला, दोन तुकडे केले, आणि त्याखाली लिहिलं: कालचं उत्तर, आलो.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. सरही हसले. खडू परत द्यायला आले तेव्हा मात्र मला म्हणाले, "पाहिलंस? मी विचारला नाही तर ते विचारतात. उत्तर द्यायचं काम मलाच."

दुसऱ्या वेळी ते सरळ बोलणार होते. गेल्या वर्षी समितीने त्यांचा सत्कार ठेवला. सरांनी ठरवलं, सत्काराला उत्तर देताना सांगून टाकायचं: आता वय झालं, फळा थांबवतो, आपण सर्वांनी समजून घ्यावं. त्यांनी ती वाक्यं मला म्हणून दाखवली. मी म्हटलं, "छान आहेत. ‘समजून घ्यावं’ऐवजी ‘समजून घ्याल’ म्हणा, म्हणजे नाही म्हणता येणार नाही." ते म्हणाले, "हो."

शाल झाली, नारळ झाला. मग मुन्नाभाऊ माइकवर आले. "सरांना आमचा एक छोटासा सरप्राइज आहे." सगळे रस्ता ओलांडून भिंतीकडे. भिंतीवर पडदा. पडदा ओढला. खाली काळ्या ग्रॅनाइटचा फळा, वर पत्र्याचं छप्पर, छपराखाली ट्यूबलाइट, आणि सगळ्यांत वर दगडात कोरलेली सोनेरी अक्षरं: नीळकंठ कळंबे सर ज्ञानफलक.

"आता पाऊस आला तरी टेन्शन नाही, सर!" मुन्नाभाऊ म्हणाले. "उन्हाळा, पावसाळा, बारा महिने!"

माइक सरांच्या हातात दिला. मी तिसऱ्या रांगेत होते. ते दगडावरचं आपलं नाव वाचत होते. मग म्हणाले, "मी आभारी आहे," आणि माइक परत दिला.

घरी जाताना माझ्या दुकानाशी थांबले. नारळ काउंटरवर ठेवला. म्हणाले, "दगडात कोरलं गं. जिवंत माणसाचं नाव दगडात कोरत असतात का?" मी म्हटलं, "सर, काढून टाकायला सांगू का मुन्नाभाऊंना?" ते म्हणाले, "नको, वाईट वाटेल त्याला. किती कौतुकाने केलं त्याने." यातच सगळं अडकलेलं होतं. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती करत नव्हतं. रागावून जाता आलं असतं, पण रागवायला समोर कोणी वाईट माणूसच नव्हता.

बदली माणूस तयार करायचाही प्रयत्न झाला. सरांनी वानखेडे काकांनाच विचारलं, तुम्ही लिहा आठ दिवस. काका इतके खूश झाले की पहाटेच येऊन बसले. त्यांनी प्रश्न लिहिला, उत्तरही लिहिलं, दोन्ही एकाच दिवशी. "लोकायले ताटकळत काहून ठेवायचं?" पैजा बुडाल्या, रामभाऊ दुपारी फडकं घेऊन स्वतः भिंतीकडे गेले. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा फळ्याशी.

दिवाळीत भाऊबीजेला सर सौंसरहून आले ते नेहमीसारखे बोलले नाहीत. डाव्या कानाशी लाल झालेलं होतं. मी मलम दिलं तेव्हा सांगितलं. कमलताईंची नजर गेली होती. काचबिंदू. कमी दिसतं एवढंच त्या म्हणत आल्या होत्या, गेली हे त्यांनी भावालाही सांगितलं नव्हतं. ओवाळताना ताट सरांच्या चेहऱ्यासमोर न येता बाजूला गेलं आणि ज्योत कानाला लागली. सरांनी गुपचूप डोकं ताटाच्या समोर नेलं आणि ओवाळून घेतलं. पण केस जळल्याचा वास ताईंना आला असावा. ताईंनी ताट खाली ठेवलं.

मग म्हणाल्या, "मले दिवसभराचं काही नाही रे. रांधता येते, न्हाता येते. सकाळचं जात नाही. पेपर येते दारात, पडून राहते. तू साऱ्या पांढुर्ण्याले रोज सकाळी वाचाले देतं. मले कोन वाचून दाखवन?"

सर मला म्हणाले, "मी काय सांगू तिला? संध्याकाळी येतो म्हणून? सकाळच तर नाही माझ्याजवळ." आणि मलम लावलेल्या कानाला हात लावून रस्त्यापलीकडे पाहत बसले. ट्यूबलाइट लागलेली होती.

त्यानंतर दोन-अडीच महिने त्यांनी नेहमीसारखंच लिहिलं. फक्त प्रश्न सोपे झाले. बांबू झाड की गवत? शरीरातलं सगळ्यांत लहान हाड कुठे? लोक कुरकुरले, हे तर पोरांनाही येतं. मला वाटलं, थकले. आता वाटतं, ते असा एक प्रश्न शोधत होते जो सोडून जाता येईल.

गेल्या रविवारी, म्हणजे चार जानेवारीला, त्यांनी तो घोड्याचा प्रश्न लिहिला. लिहून झाल्यावर रस्ता ओलांडला, रामभाऊंच्या बाकावरून वाचता येतं का पाहिलं. मग माझ्या दुकानात आले. हातात खडूची पेटी. अर्धी भरलेली.

"ही परत घे."

"सर, उघडलेली पेटी मी परत घेत नाही." हे मी सगळ्यांना सांगते, तोंडात बसलेलं आहे.

"परत घे म्हणजे ठेव," ते म्हणाले. खिशातला अर्धा तुकडाही काढून काउंटरवर ठेवला. खिसा उलटा करून झटकला. पांढरी धूळ उडाली आणि त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

"उत्तर उद्या ना, सर?"

ते म्हणाले, "उत्तर आहेच." आणि दुपारच्या बसने गेले. पिशवी एकच, पण भरलेली. बस निघाली तेव्हा ते खिडकीशी बसले होते आणि फळा त्यांच्या बाजूला होता. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. चष्मा पुसत होते.

असो. ठराव झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सकाळची बस धरली. संक्रांत जवळ आलेली, म्हणून डब्यात तिळगूळ. सोबत निरोप: मुन्नाभाऊंचा, ‘सर, गाडी पाठवतो, फक्त हो म्हणा.’ काकांचा, ‘सांगा, मी पाहिलं हाय, ऐकलं नाही.’ रामभाऊंचा निरोप नव्हता, त्यांनी फक्त विचारलं, "येतीन ना?"

कमलताईंचं घर मोठ्या रस्त्याच्या आत, दार उघडं, ओटीवर ऊन. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, काळा चष्मा लावून, मांडीवर संत्र्याची साल. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली.

"कोन?"

"मी सुनंदा. पांढुर्ण्याहून. सरांची विद्यार्थिनी."

"फळ्यासमोरची का? खडूवाली?"

"हो."

"ये, बस. अन् हळू बोल बापा, झोपला हाय तो."

ओटीच्या दुसऱ्या टोकाला बाज होती. तिच्यावर सर. उताणे, एक हात छातीवरच्या पेपरावर, एक खाली लोंबलेला. तोंड किंचित उघडं. सकाळचे नऊ वाजून गेले होते. मी शाळेत असल्यापासून सरांना ओळखते, उभं पाहिलंय, फार तर रामभाऊंच्या बाकावर बसलेलं. आडवं कधी पाहिलं नव्हतं. माणूस आडवा झाला की इतका लांब दिसतो हे माहीत नव्हतं. बाजेबाहेर आलेली पावलं उन्हात होती. सदरा धुतलेला, आणि खिशाच्या तळाशी डाग होता तो फिकट झालेला.

"उजाडता पेपर वाचून दाखवते मले," ताई म्हणाल्या. "साराच्या सारा. जाहिराती बी. कोनाचं घर इकाचं हाय, कोनाले सून पाहिजे, समदं. वाचता वाचता मधीच म्हनते, बाई, हे पक्कं नाही, म्हणे लाव. मंग झोपते. घोरते बी."

आम्ही दोघी थोडा वेळ घोरणं ऐकत बसलो. मी तिळगूळ त्यांच्या तळहातावर ठेवला.

"तुह्यं काम होतं का? उठवू?"

"उठवायचं नाही," मी म्हटलं. "एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं, फळ्यावरच्या. गाव थांबलंय."

"कोन्त्या?"

मी सांगितला. घोडा उभ्याने झोपतो, मग त्याला कधी आडवं व्हावं लागतं का.

 ताईंचे खांदे हलायला लागले. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून हसत होत्या. हसू आवरल्यावर बाजेच्या दिशेने, नेमक्या दिशेने, हनुवटी उचलून म्हणाल्या, "अन् हे त्याले उठवून इचारतं का, बाई?"

मी निरोप कोणाचाच सांगितला नाही. चहा घेतला. निघताना एकदा मागे पाहिलं. सरांनी कूस बदलली होती, तोंड भिंतीकडे. पेपर खाली घसरला होता आणि ताई जमिनीवर हात फिरवून तो शोधत होत्या. सापडला. त्यांनी त्याची घडी घातली आणि उशाशी ठेवली.

परत आले तर स्टँडवर सगळे उभेच. बसच्या दारातून माझ्यामागे अजून कोणी उतरतं का ते पाहत होते.

"सर?"

"झोपलेत."

"आँ? या टायमाले?" मुन्नाभाऊ म्हणाले. "तब्येत तं ठीक ना?"

"उत्तम आहे. मी पाहिलं."

"अन् उत्तर?" काकांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"मग लिहा ना!" एकदम चार जण म्हणाले. कोणीतरी रस्ता मोकळा करून दिला.

मी दुकान उघडलं, पेटीतून खडू काढला, दोन तुकडे केले. फडकं ओलं केलं. रस्ता ओलांडून फळ्यासमोर उभी राहिले. उत्तर फक्त दोन शब्दांचं होतं. पण ते लिहायचं तर वरची जागा भरते आणि खालचा प्रश्न पुसावा लागतो. पुसला की खालची जागा काळी होते. मागे माणसं उभी होती. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. त्यांच्यात उत्तराची घाई होतीच, पण त्याच्या मागून अजून एक वाक्य येणार होतं, ते मला पाठ आहे: आजचा काय?

मी म्हटलं, "फडकं वाळलं, ओलं करून आणते." आणि दुकानात परत आले.

आज बुधवार, संक्रांत. फळ्यावर घोडा तसाच आहे. खडूचा अर्धा तुकडा काउंटरवर, काचेखाली. माझ्या कामांच्या यादीत खालून तिसरी ओळ अशी आहे: ‘होय, लागतं’ लिहिणे, फळ्यावर, सातच्या आत, सुनंदा. वरच्या सगळ्या ओळींवर रेघ मारून झाली.